सुखदेवजींच्या बातमीवरच्या लाल रेघा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच – तिला का नाही, ते पुढे येईल. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मधेच उठून पाणी आणायला जाणार नाही. कुठून सुरू करू? चुकांपासूनच करतो. चुका काढण्यात मी हुशार होतो.

साठ सालच्या आसपास बालाघाटहून एक मराठी साप्ताहिक निघायचं. चार पानांचं. आमचा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला होता, कचेरीत हिंदी, बाजारात हिंदी, पोरं घरातसुद्धा हिंदीत भांडायची. आमचे म्हातारे संपादक मात्र हट्टाला पेटलेले – आपल्या पेपरात तरी मराठी धड छापून आली पाहिजे. मी त्यांचा उपसंपादक. म्हणजे लाल पेन्सिलवाला.

छापखान्याची खिडकी वैनगंगेच्या बाजूला होती. हिवाळ्यात सकाळी नदीवरचं धुकं आत यायचं आणि टेबलावरचे कागद दमट व्हायचे. शाईचा वास, तांदळाच्या गिरणीतून येणारा कोंड्याचा वास. मी गावोगावच्या बातमीदारांचे कागद वाचत बसायचो आणि त्या पांढुरक्या उजेडात अक्षरं कागदावरून सुटून तरंगताहेत असं वाटायचं. आजही डोळे मिटले की मी तिथेच असतो. सुख होतं ते, खोटं कशाला बोलू?

आणि काय काय लिहायचे लोक! तीस माणसं जमली की ‘प्रचंड जनसमुदाय’. बैल हरवला तरी ‘सदर बैल’. कुणी काय केलं ते तिसऱ्या परिच्छेदात, आणि पहिल्या परिच्छेदात पाहुण्यांचे हार. एक वाक्य सुरू झालं की क्रियापद परसवाड्याच्या मोटारीसारखं, कधी येईल सांगता येत नाही. मी रेघा ओढायचो, समासात शेरे लिहायचो. आमच्याकडे पद्धतच होती – चुकांचा कागद बातमीदाराला परत जायचा, त्यानं स्वतःच्या हातानं सुधारून शुद्ध प्रत पाठवायची, मगच ती खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे. संपादक म्हणायचे, याशिवाय माणूस शिकत नाही. खरंच शिकायचे.

सर्वांत जास्त शिकले सुखदेवजी.

परसवाड्याच्या बाजारात त्यांचं शिवणयंत्र होतं, घर जवळच्याच एका खेड्यात. बौद्ध झालेली चाळीसेक घरं, त्यातलं एक. चौथीपर्यंत शिकलेले. मशीनवर कापड तसंच ठेवून बातमी लिहायचे, कागदाला कधी दोऱ्याचा तुकडा चिकटलेला असायचा. सुरुवातीला ‘त्याले’, ‘मले’ सगळं बातमीत. मी ते कागद चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि जुळारी हसायचे – हेही सांगून टाकतो. पण सुखदेवजी माझे शेरे एका वहीत उतरवून घेत. भेटले की म्हणत, “भाऊ, तुमी चूक दाखवता ना, मले लय बरं वाटते. नाहीतं कोन सांगते आमाले?”

बघा, मी मुद्द्याभोवती फिरतोय. दुसऱ्याचा कागद असता तर समासात लिहिलं असतं – मुख्य बाब आधी द्या.

तर मुख्य बाब. त्यांच्या गावात सरकारनं नवी विहीर बांधली होती. गावच्या मालगुजारानं – मालगुजारी म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, ती गेली होती, पण लोक त्याला मालगुजारच म्हणत – तिच्याभोवती काटेरी कुंपण घातलं आणि बौद्ध वस्तीच्या बायांना मज्जाव केला. त्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. सुखदेवजींनी ही बातमी पाठवली. नावानिशी.

त्याच महिन्यात त्या मालगुजाराच्या मुलाशी माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक ठरत होती.

पहिल्या कागदात चुका होत्या. मी प्रामाणिकपणे रेघा ओढल्या आणि परत पाठवला. प्रामाणिकपणे? हो, त्या वेळी. पण परत पाठवताना जीव हलका झाला, ते माझ्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या कागदात दोन बारीक चुका. तोही गेला. तिसरा कागद आठ दिवसांनी आला. कुणी, काय, कुठे, केव्हा – सगळं पहिल्या वाक्यात. एक विशेषण जास्त नाही. वाळूतल्या पाण्याबद्दल एकच ओळ होती, आणि ती वाचून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या कागदात एकही चूक नव्हती.

मी लाल पेन्सिल उचलली आणि पाच ठिकाणी रेघा ओढल्या. बरोबर वाक्यांखाली. समासात लिहिलं – रचना सैल, आशय अस्पष्ट, पुन्हा लिहा. संपादकांना काही दाखवलं नाही. ते मला विचारतही नसत, त्यांचा विश्वास होता. छापत नाही असं सांगायची छाती नव्हती, म्हणून त्या माणसाला मी सांगितलं की तुला लिहिता येत नाही.

चौथा कागद आला नाही. वैशाखात बहिणीचं लग्न झालं, मुलाच्याच गावी. त्या गावच्या मांडवात मी जेवलो, आणि पाणीही त्याच विहिरीचं प्यालो. गोड होतं.

त्यानंतर सुखदेवजींची एकही बातमी आली नाही. कशाचीच.

सात-आठ वर्षांनी ते मला कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी भेटले. केस पिकलेले, हातात घडी केलेला कागद. कुंपण अजून होतं. वस्तीतली माणसं इतकी वर्षं त्यांच्या मागे लागली होती की अर्ज लिहा, आणि हे टाळत आले होते. “मले वाटे, आपली भाषाच कच्ची हाये,” ते म्हणाले. “साहेबाच्या हाती चुकीचा कागद कसा देऊ? आता हिंमत करून लिवला. भाऊ, तुमी एकदा नजर मारून द्या ना.”

मी तिथेच उभ्यानं वाचला. अर्जात माझ्या बहिणीच्या सासऱ्याचं नाव होतं. खाली चाळीस घरांच्या सह्या नि अंगठे. भाषा माझ्यापेक्षा चांगली होती, हे मी आज लिहू शकतो. बरोबर आहे म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं का, की मग तेव्हा काय चुकलं होतं? नसतं विचारलं. ते तसे नव्हतेच.

मी पेन मागितलं. त्यांनी खिशातून काढून दिलं, टोपण उघडून. मी दोन ठिकाणी रेघा ओढल्या.

“हौ, बराबर हाये तुमचं,” ते म्हणाले. “पुन्ना लिवून आनतो. सह्या बी पुन्ना घ्या लागतीन.” त्यांनी अर्ज जपून घडी केला, मला हात जोडले, आणि कचेरीत न जाता मोटारस्टँडकडे चालू लागले.