अक्कांचे आमेन

घरोघरच्या प्रार्थनेला माणसे जमली की दाराबाहेर चपलांचा ढीग होतो. येताना प्रत्येक जण आपली जोडी नीट लावून ठेवतो. निघताना मात्र कोणाची चप्पल कोणाच्या खाली गेली याचा पत्ता लागत नाही. किस्से साचतात तेही असेच. धुळ्याच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. सभेचा वृत्तांत मीच लिहितो आणि त्यात ‘सभा प्रार्थनेने संपली’ यापलीकडे फारसे काही येत नाही. सभेत जे खरोखर घडते ते दाराबाहेर, चपला शोधताना, एकमेकांना सांगितले जाते. तेच येथे देत आहे. संवाद शब्दशः अचूक असतील अशी हमी मी देऊ शकत नाही, आशयाची देतो.

* * *

सुरुवात अक्कांपासून करणे योग्य. शांताबाई अक्का या निवृत्त नर्स. माहेर बोदवड या लहानशा रेल्वे स्टेशनाच्या गावचे. तिकडची बोली निराळी; पण उभी हयात धुळ्याकडच्या खेड्यांत बाळंतपणे करण्यात गेल्यामुळे अक्का अर्धे शहरी मराठी आणि अर्धी अहिराणी असे स्वतःचे काहीतरी बोलतात. वयापरत्वे त्यांची ऐकण्याची शक्ती जवळजवळ गेली आहे. तरीही उपासनेत त्यांची जागा पहिल्या रांगेत, सतरंजीच्या उजव्या टोकाला ठरलेली.

आमच्याकडे प्रवचनातले एखादे वाक्य मनाला भिडले की ऐकणारा ‘आमेन’ म्हणतो. अक्कांचे आमेन मोठे आणि खणखणीत असे; फक्त ते कधी येईल याचा नेम नसे. एका रविवारी पाळकसाहेबांनी सांगितले, “परवाच्या वादळात आपल्या देवळाचे चार पत्रे उडून गेले.” अक्का म्हणाल्या, “आमेन.”

पुढच्या रविवारी पाळकसाहेब जड आवाजात म्हणाले, “मंडळीला कळवण्यास खेद वाटतो की माझी येथून बदली होण्याची शक्यता आहे.”

“आमेन,” अक्का म्हणाल्या. नेहमीपेक्षा मोठ्याने.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “निदान एका सभासदाचे मत समजले,” ते म्हणाले.

बदली पुढे झाली नाही.

* * *

त्यानंतर काही महिन्यांनी अक्कांनी पाळकसाहेबांच्या पत्नीला निरोप दिला, “साहेबांना म्हना, मिशा काढा.”

निरोप पंचांपर्यंत पोहोचला. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी समिती. मिशांविषयी मंडळीची काही शिकवण आहे का, यावर दोन बैठका झाल्या. पाळकसाहेब मूळचे नगर जिल्ह्यातले, स्वभावाने अभ्यासू. त्यांनी जुन्या धर्मपुरुषांच्या मिशांचे दाखले गोळा करून ठेवले. शेवटी कोणीतरी अक्कांनाच विचारावे असे सुचवले. अक्कांशी बोलताना सगळेच ओरडतात. पाळकसाहेबही ओरडले, “अक्का, मिशांना हरकत काय आहे?”

“ओठ दिसत नही,” अक्का म्हणाल्या. “मी ओठ पाहीसन समजस ना. त्यात तुमचं बोलनं म्हंजे मेलगाडी. बोदवडले थांबतच नही.”

पाळकसाहेबांनी त्याच संध्याकाळी मिशा बारीक कातरून घेतल्या. वेग मात्र त्यांच्याने कमी झाला नाही.

* * *

मंगळवारच्या प्रार्थनेत आमच्याकडे साखळीची पद्धत आहे. सगळे गोल बसतात, डोळे मिटतात आणि क्रमाने एकेक जण प्रार्थना करतो. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते.

देवदान नेहमी अक्कांच्या अलीकडे बसे. देवदान माझ्याच वयाचा. एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर. लहानपणापासून तो अडखळत बोलतो. त्यामुळे तो फक्त हात दाबी. अक्कांना पाळी कळण्यासाठी तो दाब हवाच असे. दोघांचीही सोय होई.

एकदा देवदानला यायला उशीर झाला आणि त्याच्या जागी मी बसलो. माझी प्रार्थना हा एक स्वतंत्र विषय आहे. ज्याची खात्री नाही ते प्रभूपुढेही ठामपणे म्हणू नये असे मला वाटते. त्यामुळे ‘शक्य असल्यास’, ‘तुझ्या योजनेत बसत असेल तर’ अशी वळणे घेत ती बरीच लांबते. इतकी लांब प्रार्थना असू शकत नाही असे गृहीत धरून अक्कांनी आपली सुरू केली. मध्येच डोळे उघडणे बरे नव्हे. आम्ही दोघेही शेवटपर्यंत एकाच वेळी प्रार्थना करीत राहिलो.

नंतर मी दिलगिरी व्यक्त केली. आमच्या पंचांतले सर्वांत ज्येष्ठ याकोबनाना म्हणाले, “काही बिघडनं नही, भाऊ. प्रभूले दोन कान शेतस. पन एक सांग, तू प्रार्थना करस का अर्ज करस?”

* * *

याकोबनाना एस.टी.त ड्रायव्हर. धुळे-जळगाव रस्त्यावरच्या बैलगाड्याही त्यांच्या रागाला ओळखून आहेत, असे त्यांचे कंडक्टर सांगतात. हा राग आपले सर्वात मोठे दुबळेपण आहे हे नाना स्वतःच कबूल करीत आणि त्यासाठी रोज पहाटे प्रार्थना करीत.

एका रविवारी ते साक्ष द्यायला उभे राहिले. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीपुढे सांगणे. “बंधुभगिनींनो,” नाना म्हणाले, “महिना झाला. प्रभूने माझा राग पूर्णपणे काढून घेतला आहे.” इतक्यात बाहेर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवला आणि थांबेचना.

“कोन शे रे तो?” नाना खिडकीकडे वळून गरजले. “उतरू का खाले?”

बाहेर शांतता झाली. आतही झाली. नाना खाली बसत म्हणाले, “साक्ष पुढच्या महिन्याला देईन.”

त्यांनी ती दिली नाही. मात्र पहाटेची प्रार्थना सोडली नाही, हे मला नानींकडून कळले. त्या दोन गोष्टींपैकी मोठी कोणती, याविषयी माझे मत अद्याप पक्के नाही.

* * *

एका मंगळवारी साखळी संपल्यावर देवदान म्हणाला, “म-मला पाळक व्हायचं आहे.”

सतरंजी गुंडाळणारे हात थांबले. पाळकाच्या शिक्षणाला जायचे तर पंचांची शिफारस लागते. दवाखान्यातली नोकरी सोडायची तयारी त्याने केली होती. आईला सांगितले होते. शिफारस नाकारली गेली तर पुन्हा कोणत्या तोंडाने मागणार, हेही त्याला ठाऊक होते.

नाना रागावले नाहीत. त्यांना त्याची कळकळ होती, म्हणूनच ते स्पष्ट बोलले. “देवदान, जी गाडी स्टार्टच होत नही तिले मी परमिट कसं देऊ? लोक उतरी जातीन.”

देवदानचा चेहरा लाल झाला. “प्रभूने म-मला बोलावलं आहे, नाना. ब-बोलता येतं म्हणून नाही बोलावलं.”

“मंग कशासाठी?”

“ते अजून स-सांगितलं नाही.”

शेवटी असे ठरले की देवदानने एका रविवारी प्रवचन करावे. मंडळी ते कसे घेते हे पाहून नानांनी शेवटचा शब्द सांगावा.

* * *

त्याच सुमारास तो मला भेटायला जळगावला आला. मी तेव्हा तेथे एम.ए. करीत होतो; मंगळवारी आणि रविवारी मात्र धुळ्याला असे. आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात रुग्णांना भेटायला गेलो. एका खाटेवर सावद्याचे एक आबा होते. केळीचे घड ट्रकमध्ये भरताना पडून त्यांचा पाय मोडला होता. ते कोणाशीच बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून असतात, असे सिस्टरने सांगितले.

मी सांत्वनाचे काही विचार मांडले. ते क्रमवार होते. आबा भिंतीकडेच पाहत राहिले.

मग देवदान खाटेशेजारी बसला. “आबा, प-प-प...” ओठ मिटले ते उघडेनात. आबांनी मान वळवली. “प-प...”

“पाणी?” आबांनी विचारले.

देवदानने नकारार्थी मान हलवली. “प-प...”

“पोरं?”

“प-पाय,” देवदान म्हणाला. “दुखतो का?”

“दुखतो तर काय.” आणि आबा बोलू लागले. पाय, ट्रक, मुलगा भेटायला येत नाही ते, सगळे. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ते म्हणाले, “पोरा, तुह्यासाठी थांबता थांबता मीच बोलून बसलो.”

बाहेर आल्यावर मी देवदानला म्हटले की या प्रसंगावरून कोणताही निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

“नाही क-काढत,” तो म्हणाला. पण स्टँडपर्यंत तो शीळ घालीत चालला.

* * *

प्रवचनाच्या तयारीत मी त्याला मदत करायचे ठरवले. मी त्याचे बोलणे काळजीपूर्वक ऐकले. तो बहुतेक प, ब, म या ओठ मिटून उच्चारायच्या अक्षरांवर अडतो, असे माझ्या लक्षात आले. तेव्हा ही अक्षरे शब्दांच्या सुरुवातीला येणारच नाहीत असे प्रवचन मी लिहून काढले. आठ दिवस लागले. तांत्रिकदृष्ट्या ते निर्दोष होते.

देवदानने ते आमच्या ओट्यावर बसून दोनदा वाचले.

“यात प-प्रभू नाही,” तो म्हणाला.

“त्याऐवजी तारणारा आहे.”

“प-पाप नाही. प-प्रीती नाही. ब-बाप नाही. म-मंडळी नाही.” त्याने कागदांची नीट घडी केली आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिले की मला राग येऊ शकला नाही. “म-मग उरलं काय, भाऊ?”

* * *

तो रविवार आला. टीव्हीवरच्या मालिकेमुळे आमची उपासना तेव्हा उशिरा सुरू होई. त्या दिवशी मात्र बहुतेक जण मालिका सोडून वेळेआधीच आले होते. देवदानची आई मागे दाराजवळ बसली. नाना मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवून बसले. अक्का पहिल्या रांगेत, नेहमीप्रमाणे मान खाली घालून लुगड्याच्या काठाशी चाळा करीत होत्या.

देवदान उभा राहिला. त्याचे पहिले शब्द ‘प्रिय मंडळी’ हे होते, म्हणजे मी टाळलेलेच. ओठ मिटले. वर पंखा करकरत होता. कोणीतरी खोकले. त्याच्या आईने पदर तोंडाशी नेला.

“प-प-प्रिय,” तो म्हणाला. “म-म-मंडळी.”

अक्कांनी मान वर केली.

त्याने कागद हातात घेतला नाही. तो म्हणाला, “म-माझ्या आईने मला बोलता यावं म्हणून प-पोपटाचा उष्टा प-पेरू खायला घातला. म-मध चाटवला. डॉक्टरांनी जिभेखाली क-कापलं. मी प-प्रभूला रोज सांगितलं, माझं तोंड म-मोकळं कर. त्याने ते केलं नाही.”

तो थांबला. या वेळी तो अडला नव्हता. नुसता थांबला होता.

“पण म-माझं एक वाक्य संपेपर्यंत लोक ब-बसून राहतात. दवाखान्यात बसतात. आत्ता तुम्ही ब-बसला आहात. म-मला वाटतं, प्रभू माझ्याशी असाच ब-बसत असेल. म-माझं संपेपर्यंत.”

“आमेन,” अक्का म्हणाल्या.

सवयीने दोघे-तिघे हसले आणि मग एकदम गप्प झाले. पाळकसाहेबांनी अक्कांकडे वळून पाहिले. अक्कांचे लक्ष कोणाकडेच नव्हते. त्या किंचित पुढे वाकून देवदानच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि त्यांचे स्वतःचे ओठ त्याच्या ओठांबरोबर हलत होते.

प्रवचन पाळकसाहेबांच्या प्रवचनाच्या निम्मेही नव्हते. वेळ मात्र तेवढाच लागला. त्यात आणखी तीन ठिकाणी आमेन आले. एकही चुकले नाही.

उपासना संपल्यावर सगळे दाराशी आले. देवदान पायरीवर उभा होता. नानांकडे पाहायचे तो टाळत होता. नानांनी घड्याळ अजून मनगटावर बांधले नव्हते. अक्कांना वाकता येत नाही, म्हणून नानांनी ढिगातून त्यांच्या चपला शोधून काढल्या आणि त्यांच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. मग ताठ उभे राहून ते ओरडले, “अक्का, आज आमेन बराबर जागावर पडनं. कसं काय?”

अक्कांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले. एक पाय चपलेत घातला, नानांच्या खांद्याचा आधार घेऊन दुसरा घातला.

“आजनी गाडी पॅसिंजर व्हती, नाना,” त्या म्हणाल्या. “बोदवडले थांबनी.”