दोन प्लग आणि मामींचं माहेर

माझ्या बायकोच्या मामांबरोबर स्पार्क प्लग विकत घ्यायला जाणं, यापेक्षा कडक शिक्षा कोणत्याच कायद्यात नसावी. मी ती पावणेदोन वर्षं भोगली आहे. मामाजी नोकरीला होते खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात. आयुष्यभर वस्तू हातात घ्यायची, डोळ्यांशी न्यायची आणि 'नापास' म्हणून बाजूला ठेवायची, एवढंच त्यांनी केलं. निवृत्तीनंतर खातं सुटलं, सवय सुटली नाही. घरात पापड येवो की भाचीचा नवरा, आधी उजेडात धरून पाहिला जातो. माझा निकाल तर अजून राखून ठेवलेला आहे.

तर या मामाजींनी होडीच्या मागं लावायची एक जुनी मोटर आणली. दोन सिलिंडरची, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी, माझ्या लग्नाहून जुनी आणि तितकीच कुरकुरणारी. पुस्तिका हरवलेली, अंगावरची पाटी गंजलेली. आपल्याला कोणता प्लग लागतो हे तिचं तिलाही आठवत नसावं. ती कशासाठी आणली, हे मात्र साऱ्या नातलगांना ठाऊक होतं. मामींचं माहेर बरगी धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडणार म्हटल्यावर त्यांच्या सगळ्या बहिणी ते शेवटचं पाहून आल्या. मामाजींनी कामाचं कारण सांगून रजाच टाकली नाही, आणि मामी एकट्या गेल्या नाहीत. त्याबद्दल त्या आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. तो न बोललेला शब्द मामाजींना रोज ऐकू येत असावा. आता मामींची नजर वर्षागणिक मंदावत चालली होती. ती पुरती जायच्या आत त्यांना एकदा त्या पाण्यावर न्यायचं, एवढाच मामाजींचा हट्ट.

"भाड्याची मोटरबोट करू ना," मी एकदा म्हणून बसलो.

"बायकोला माहेरी भाड्याच्या गाडीनं नेऊ काय जावईबापू? आधीच इतकी वर्षं उशीर करून राहिलो मी."

मग सुरू झाली प्लगांची पारख. आट्यांचा भाग लांब असला तर प्लग पिस्टनला आपटतो, आखूड असला तर ठिणगी बिळातच बसून राहते. प्लग फार थंड असला तर त्याच्यावर काजळी धरते, फार गरम असला तर पिस्टन भाजून निघतो. हे सगळं मला इतक्या वेळा सांगण्यात आलं आहे की मी झोपेत बडबडतो, अशी घरून तक्रार आहे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात बायका साड्या उलगडत नसतील इतके प्लग मामाजींनी दुकानात उलगडले. भिंग लावायचं, फटीत पातळ पट्टी सरकवायची, श्वास रोखायचा आणि मान हलवायची. नापास! शिवाय मोटरीला प्लग लागायचे दोन, आणि दोन्ही तंतोतंत सारखे. एका दुकानदारानं शेवटी हात जोडले.

"काय बब्बा, प्लग ले रहे हो कि बिटिया के लाने लड़का देख रहे हो?"

"लड़का तो एक देखना पड़ता है भैया," मामाजी भिंग न हलवता म्हणाले, "मुझे दो चाहिए. और दोनों का स्वभाव मिलना चाहिए."

वापरून पाहिलेले प्लग मामींच्या मसाल्याच्या डब्यात, एकेका वाटीत चिठ्ठीसकट ठेवले जात. "अहो, ही तुमची मोहरी काढा आधी माझ्या डब्यातून!" असा आवाज स्वयंपाकघरातून आला की वरणाला फोडणी बसत नाहीये, हे बाहेर कळायचं. आंगणात पाण्यानं भरलेल्या पिंपात मोटर उभी करून चाचणी होई. धुरानं शेजारच्या दीदींचे कपडे काळे होत आणि मामाजी प्लग काढून चहाच्या बिस्किटाशी त्याचा रंग ताडून बघत. रंग बिस्किटासारखा आला तर प्लग बरोबर. महिनोन्‌महिने काळाच रंग येत होता. मी आशा सोडली, सोडलेली आशाही सोडली. मग गेल्या फाल्गुनात एक जोडी बिस्किटाच्या रंगाची निघाली आणि मामाजी ओरडले, "पास!" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मामी पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

ओळखीच्या नावाड्याची होडी घेऊन आम्ही तिघं बरगीच्या पाण्यावर निघालो. मोटर अशी पळाली की मी मनातल्या मनात मामाजींची माफी मागितली. ती मागून होते न होते तोच खडखडाट झाला आणि ऐन पाण्यात मोटर गप्प. मामाजींनी कापडात धरून प्लग काढला. राखेसारखा पांढरा फटक, म्हणजे पार भाजलेला!

"मामाजी, पिंपात कोणी बसलं नव्हतं," मी म्हणालो. मला राहवलंच नाही.

त्यांनी प्लग उजेडात धरून पाहिला. "खरं आहे. ओझं नव्हतं म्हणून गरम प्लग पास केला मी. माझी तपासणी चुकली." खिशातून त्यांनी जरा थंड जातीची दुसरी जोडी काढली. "इंजिन निवू द्या. गरम असताना प्लग आवळला तर आटे खराब होतील."

तेवढ्यात मामींनी हात उचलला. "ती दोन उंचवट्यांची टेकडी दिसते का तुम्हाला? तिच्या समोर आमचं खळं होतं." मग विहीर आली, विहिरीवरचा रहाट आला, सगळ्या बहिणींना एकाच ओळीत बसवून वेण्या घालणारी आई आली. इतकं बोलताना मी मामींना कधी ऐकलं नव्हतं. होडी जागच्या जागी हळूहळू फिरत होती आणि मामीही तिच्याबरोबर फिरून त्या टेकडीकडेच तोंड ठेवत होत्या. मामाजी मान खाली घालून ऐकत होते. हातातल्या नव्या प्लगकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं मामी भानावर आल्या. "अहो, झालं का तुमचं? निघायचं ना?"

मामाजींनी इंजिनावर तळवा ठेवला. "गरम आहे अजून. तू बोल."

मीही हळूच हात लावून पाहिला. इंजिन केव्हाच गार झालं होतं. मी हात काढून घेतला आणि टेकडीकडे बघत बसलो.