पिंटू मैदानात उतरला होता का?

नाव आणि माणूस यांचा मेळ बसलाच पाहिजे, असा बडनेऱ्यात कोणाचा आग्रह नाही. तरीपण सहा फूट तीन इंचांच्या माणसाला अख्खी वस्ती ‘पिंटू’ म्हणते, हे जरा जास्तच झालं. खरं नाव सुगत डोमाजी तायडे. पण ते नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि आईच्या रागात सापडतं. पंचफुलाबाईंनी घरातून “सुगत!” अशी हाक मारली की शेजारीपाजारी समजून जातात, याचं डोकं पुन्हा चौकटीला लागलं आणि चौकट हलली. एरवी आपला पिंटू.

वडील डोमाजी रेल्वेत. त्यांची उंची बेताची, पंचफुलाबाईंची त्याहून बेताची. तेव्हा हा पोरगा कोणावर गेला, हा प्रश्न पाहुणे हटकून विचारत. डोमाजींचं उत्तर ठरलेलं होतं. “क्वार्टरच्या खिडकीतून दिवसभर सिग्नल पाहत बसे. पाहू पाहू तसाच झाला.”

वस्तीला मात्र या उंचीचा फार आधार. जयंतीच्या पताका लावताना इतर वस्त्यांना शिडी लागे, या वस्तीला पिंटू लागे. तारेत अडकलेला पतंग, टाकीचा बिघडलेला फ्लोट, पत्र्यावर जाऊन बसलेली मांजर, सगळ्यांचा शेवट पिंटूच्या हातात.

असा पोरगा अमरावतीच्या एका मोठ्या कॉलेजात बी.ए.ला नाव घालायला गेला, तेव्हा खेळाच्या वामनराव सरांना रांगेत आधी डोकं दिसलं आणि बऱ्याच वेळाने त्याखालचा पोरगा. त्यांनी तिथूनच त्याला बास्केटबॉलच्या संघात ओढलं. उंचीने पिंटूला संघात घेतलं आणि हातांनी बेंचवर बसवलं. कारण चेंडू हातात आला की पिंटू त्याच्याकडे असा पाहायचा, जसं एखाद्या पाहुण्याने अचानक त्याचं बाळ आपल्या मांडीवर दिलं आहे. हे बाळ कोणाला द्यावं, याचा विचार पूर्ण होईपर्यंत समोरचा पोट्टा ते घेऊन गेलेला असायचा.

तर पिंटू बेंचवर बसला, आणि बसला तो सहा वर्षं बसला. बी.ए.चं एक इंग्रजी राहून राहून राहत होतं, त्यामुळे कॉलेजही सुटत नव्हतं. बेंचवर त्याच्या तोडीचा माणूस पूर्ण विद्यापीठात नव्हता. टॉवेल कोणाचा, बाटली कोणाची, कोणाच्या मोबाइलवर घरून फोन आला तर काय सांगायचं, सगळं त्याला पाठ. पाच खेळाडूंचे पाच मोबाइल खिशात घेऊन तो बसला की स्कूटरच्या डिकीसारखा दिसे. संघाच्या प्रत्येक फोटोत मागच्या रांगेत मधोमध पिंटू. फोटो पाहणाऱ्याला वाटे, हाच कर्णधार. पण एवढ्या वर्षांत एकाही सामन्यात, एका क्षणासाठीही तो मैदानात गेला नव्हता.

आणि त्याला तेवढंच पाहिजे होतं. कप नको, पदक नको. एक सामना पूर्ण खेळायचा, बस. तोही लवकर, कारण येत्या उन्हाळ्यात त्याला पंचवीस पूर्ण होणार होते आणि पंचवीसनंतर कॉलेजच्या खेळात नाव चालत नाही.

हे दुःख ओळखलं अकोल्याच्या ओमप्रकाश सरांनी. त्यांच्या कॉलेजचा संघ म्हणजे हौस जास्त आणि माणसं कमी. एका स्पर्धेत पिंटू टॉवेल पिळून वाळत घालत होता, तेव्हा सर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“काहून बे, किती साल दुसऱ्याचे टॉवेल वाळवशीन? माह्याकडे ये. माह्याकडे चारच पोट्टे हाय. तू आला का पाच.”

“म्हणजे मी खेळीन सर?”

“बाप्पा! तू नाही खेळला तर कोणीच नाही खेळणार!”

पिंटूच्या हातातून टॉवेल पडला. सरांनी मग नियम समजावून सांगितले. शिक्षण अर्धवट सोडून कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागतं. पास होऊन दुसरीकडे एम.ए.ला नाव घातलं तर लगेच खेळता येतं. आणि एका हंगामात एकाच कॉलेजकडून. “तिकडून मैदानात उतरला का इकडचं दार बंद. समजलं?”

“सर, तिकडून उतरायची काई भीती नाही,” पिंटू म्हणाला. सहा वर्षांचा अनुभव बोलत होता.

राहिलं इंग्रजी. धाकटी बहीण नीलम घरीच पोरींची ट्यूशन घेते. तिने भावाला आठवीच्या पोरींसोबत शेवटच्या बेंचवर बसवलं. बेंचचं त्याला काही वाटलं नाही, ती जागा त्याच्या सरावाची होती. पण पोरी फार छळत.

“नीलमताई, पिंटूदादाले काई येत नाई पण फॅन लय मस्त पुसते!”

“चूप गं,” नीलम म्हणे, “तो पास झाला तर तुम्ही साऱ्या पास. दादा, वाक्य लिही.”

पिंटू घाम गाळून लिहायचा. पहाटे मैदान, संध्याकाळी व्याकरण. डोमाजी ड्यूटीवरून आले की दारातूनच विचारत, “आज किती स्पेलिंग मारले?” परीक्षा झाली. पेपर बरा गेला असं पिंटू म्हणाला आणि घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

आता निकाल लागला की अकोला. पण निकाल आज लागून राहिला, उद्या लागून राहिला, असं करता करता नवा हंगाम सुरू झाला आणि पिंटू जुन्याच बेंचवर जुनेच टॉवेल घेऊन बसलेला.

पहिला सामना वरूडच्या कॉलेजशी. ही पोरं फार मोकळ्या मनाची. येताना संत्र्यांचं एक खोकं आपल्यासाठी आणि एक समोरच्यांसाठी घेऊन आली होती. संत्री चांगली होती, खेळ यथातथाच. सामना संपत आला तेव्हा अमरावतीवाले इतके पुढे होते की वामनराव सर सामना सोडून संत्रं सोलत होते. सोलता सोलता त्यांचं लक्ष पिंटूकडे गेलं. हा पोरगा आता पास होईल, निघून जाईल. आपण याला एकदाही उतरवलं नाही. सरांना अकोल्याचं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त भरून आलं.

“पिंटू,” ते म्हणाले, “जा बेटा.”

पिंटूने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

“तुलेच म्हणून राहिलो. जा, खेळ!”

अकोला, नियम, बंद होणारं दार, सगळं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. सहा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द कानावर पडल्यावर माणूस नियम आठवत बसत नाही. पिंटू उठला आणि गळ्यात टॉवेल, खिशात पाच मोबाइल, अशा थाटात सरळ मैदानात धावत सुटला.

खेळ चालूच होता. अमरावतीचे पाच जण आत होतेच. हा सहावा. वरूडचा एक पोट्टा चेंडू घेऊन निघाला होता, तो समोरून येणारा हा डोंगर पाहून जागीच थांबला. पंचांनी शिट्टी फुंकली, दुसरी फुंकली, मग शिट्टी तोंडातून काढून ओरडले, “अबे, तू कोण? तुले कोणी बोलावलं?”

“सरांनी,” पिंटू म्हणाला.

टेक्निकल फाउल लागला. तो बेंचचा म्हणून वामनराव सरांच्या नावावर. वरूडवाल्यांनी फ्री थ्रो टाकला, दुपारभरातला त्यांचा पहिलाच धड पडलेला चेंडू असेल. सर लालेलाल झाले होते.

“अबे, आधी गुण लिहितेत त्या टेबलाकडे जाऊन सांगायचं असते! मंग पंच हात करते! मंग आत जायचं असते!”

“मले काय माहीत सर?” पिंटू रडकुंडीला आला. “मी कधी गेलोच नाही!”

“बस खाली!”

बसला.

ही बातमी त्याच्याआधी बडनेऱ्याला पोचली. दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोरचे ऑटोवाले त्याला पाहून म्हणू लागले, “पिंटूभाऊ, पहिले टेबलाले सांगा, मंग ऑटोत बसा!” पिंटू हसला, पण त्या रात्री पलंगाबाहेर पाय काढून पडल्या पडल्या त्याला ओमप्रकाश सरांचे शब्द आठवले आणि तो ताडकन उठून बसला. तिकडून उतरला का इकडचं दार बंद.

“माय,” तो म्हणाला, “मी मैदानात गेलतो वं. माहा सामना मीच घालवला.”

पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या. “किती वेळ गेलता?”

“शिट्टी वाजेलोक.”

“त्याले काय जाणं म्हणतेत? दारात पाय ठेवला अन् हाकलून देल्लं, त्याले पाहुणचार म्हणत नाही. झोप.”

निकाल लागला. पिंटू पास झाला. नीलमच्या ट्यूशनमधल्या पोरींनी त्याला ओवाळायचं म्हणून त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर उभ्या राहिल्या. अकोल्याला एम.ए.मध्ये नाव पडलं, रेल्वेचा पास निघाला, आणि पिंटू बडनेरा ते अकोला अपडाऊन करू लागला. पोटातली भीती त्याने ओमप्रकाश सरांना सांगितली.

“पाहू बे,” सर म्हणाले. “कोणी इचारलं तर पाहू. तू चेंडू पकडाले शिक पहिले.”

आणि मग तो दिवस आला. अकोल्याच्या मैदानावर, अकोला विरुद्ध तेच अमरावतीचं मोठं कॉलेज. अकोल्याच्या बेंचवर पाण्याची एक बाटली आणि टिफिन घेऊन आलेल्या पंचफुलाबाई, बाकी कोणी नाही. कारण असतील नसतील तेवढे सगळे मैदानात.

हे योगेशने पाहिलं. योगेश अमरावतीचा कर्णधार. पिंटूने वर्षानुवर्षं ज्याचा मोबाइल सांभाळला, तो हाच. पोरगा मनाने वाईट नाही, पण हिशेबी. पिंटू बाद झाला तर अकोल्याकडे चार उरतात, चारांत सामना सुरू होत नाही, मग न खेळता विजय आणि दुपारच्या गाडीने घरी. तो आयोजकांकडे गेला.

“सर, आमचा आक्षेप हाय. पिंटू यंदा आमच्याकडून मैदानात उतरला होता.”

कडुलिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आक्षेपांचा निकाल देणारे तीन ज्येष्ठ सर बसले होते. त्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि वामनराव सरांना बोलावलं. पिंटू समोर उभा राहिला. त्याच्या सावलीत तिघांनाही बरं वाटत होतं.

“वामनराव, हा पोरगा यंदा तुमच्याकडून मैदानात उतरला होता का?”

एक ‘हो’ म्हटलं की वामनराव सरांचा सामना खिशात होता. सरांनी योगेशकडे पाहिलं, मग पिंटूकडे. त्या टेक्निकल फाउलची कळ अजून गेलेली नव्हती.

“उतरला?” सर कडाडले. “उतरणं याले म्हणतेत का? टेबलाले सांगतलं नाही, पंचांनी बोलावलं नाही, बदली झाली नाही. आतले पाच आतच होते. हा तर लोकाच्या वरातीत नाचाले घुसल्यासारखा घुसला! फाउल कोणाच्या नावावर? माह्या! इतक्या सालात माह्या नावावर कधी फाउल नव्हता! हा कुठी उतरला?”

इथे पिंटूने घोळ घातलाच असता. कारण ते ऐकून त्याला लागलं. सहा वर्षांतले तेवढेच तर क्षण त्याचे होते. वरूडचा पोट्टा त्याला पाहून थांबला होता, हे त्याने मनात किती वेळा घोळवलं होतं.

“पण सर,” तो म्हणाला, “गेलतो तर मी—”

“सुगत!” बेंचवरून पंचफुलाबाईंचा आवाज आला.

मधल्या सरांनी चष्मा पुसला आणि जरा नरमाईने विचारलं, “तू सांग बेटा. खेळला का तू त्या दिवशी?”

पिंटूने खाली पाहिलं.

“नाही सर,” तो म्हणाला. “खेळलो नाही. मी अजून खेळलोच नाही.”

मधल्या सरांनी कप उचलला. “मंग जा. खेळ.”

योगेशची दुपारची गाडी गेली. सामना सुरू झाला आणि अकोला हरू लागलं, अगदी शिस्तीत. पण पिंटू खेळत होता. चेंडू अजूनही पाहुण्यांचं बाळ होतं, पण आता तो ते न पाडता दुसऱ्याकडे देत होता. एकदा तर त्याने उडी न मारता बास्केट केली आणि स्वतःच दचकला. पहिली विश्रांती झाली तेव्हा सवयीने धावत जाऊन त्याने सगळ्यांना पाणी दिलं, टॉवेल दिले, आणि योगेशलाही एक नेऊन दिला. योगेशने तो मान खाली घालून घेतला.

शेवटचा डाव आला तेव्हा पिंटूची जीभ बाहेर आली होती. पाय ऐकेनात. टाइम-आउटमध्ये गुडघ्यांवर हात टेकून त्याने ओमप्रकाश सरांकडे पाहिलं.

“सर, थोडं बसू द्या ना. बदली द्या.”

“बदली?” सर म्हणाले. “कोणाले टाकू बे? बेंचवर तुह्या मायशिवाय कोणी हाय का?”

पिंटूने बेंचकडे पाहिलं. पंचफुलाबाईंनी टिफिन बाजूला ठेवला, पदर कमरेला खोचला आणि उठल्या. मैदानात नाही आल्या. आधी टेबलाकडे निघाल्या. तेवढा नियम आता तायड्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होता.

“राहू दे वं माय!” पिंटू ओरडला, आणि धावत आत गेला.