मी सांगितलेली ओळ

ती ओळ मी सांगितली होती. तिने फक्त टाइप केली. एवढं भर बैठकीत बोलायला मला दहा सेकंद पुरले असते. मी दोन वर्षं बोललो नाही.

पुण्यातल्या एका मोबाइल गेमच्या कंपनीत मी टेक्निकल डायरेक्टर आहे. माझ्या गावी, पालीला, चुलत्यांना अजून वाटतं की मी फोनमधली चित्रं काढतो. चित्रं काढणारे वेगळे, गोष्ट रचणारे वेगळे. त्यांनी जे जे मागितलं ते साध्या, स्वस्तातल्या फोनवर न अडखळता चालवून दाखवणं हे माझं काम. काय ठेवायचं, काय कापायचं, यात शेवटचा शब्द माझा. तो शब्द मी जपून वापरतो, असं मी लोकांना सांगत असे.

तेव्हा आम्ही मेंढपाळाचा गेम करत होतो. कळप घेऊन घाट, नाले, रस्ते ओलांडत चाऱ्याच्या मुलखात पोचायचं, असा खेळ. पण कळपाचं चालणं काही जमेना. आमच्या हुशार पोरांनी पाखरांच्या थव्याचं गणित लावलं होतं, त्यामुळे मेंढरं पडद्यावर उडाल्यासारखी वळायची. आमच्याच जिल्ह्यातल्या घाटनांदूरची एक मुलगी आमच्याकडे प्रोग्रामर होती. तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. तिने ते पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "सर, मेंढरू पुढं बघतच न्हाई. शेजारच्याच्या अंगाला अंग लावतं. उन्हात तर दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं घालून उभं राहतं." आठवडाभरात तिने कळप चालवून दाखवला. बिंदुसरेच्या धरणाकडून संध्याकाळी आमच्या गावात शिरणारी मेंढरं अगदी तशीच यायची. लोकांना तो गेम आवडला तो त्या कळपामुळे. हेही मी कुठल्या बैठकीत बोललो नाही.

गेम बाहेर पडायला चार दिवस होते आणि मी पालीला निघालो होतो. गावात माझा सत्कार होता. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेताना तिचा फोन आला. खेळाडू कुठवर पोचला याची नोंद गेम फोनमध्ये ठेवतो. नवी नोंद आधी बाजूला लिहायची, ती नीट लिहिली गेली का ते तपासायचं, मगच जुनी पुसायची, अशी रीत आहे. या तपासणीत साध्या फोनवर गेम क्षणभर अडकत होता. मी म्हणालो, तपासणी काढ, सरळ जुन्या नोंदीवरच नवी लिही. कोडमधल्या कोणत्या ओळीच्या जागी काय लिहायचं, ते शब्द न् शब्द सांगितलं.

ती म्हणाली, "सर, आमच्याकडं एका फोनवर अख्खं घर बोलतं. लिहिताना मधेच कॉल आला अन् गेम बंद पडला, तर जुनंबी जाईल अन् नवंबी."

"त्या एका क्षणात कोणाचा कॉल येतोय?"

ती मग म्हणाली, "मग सर, हे मेलवर टाकता का?"

खरं तर तिची मागणी रास्त होती. आमच्या धंद्यात असा बदल लेखीच हवा. पण मी मांजरसुंब्यात उभा होतो, समोर गावचा रस्ता होता आणि तिथे माझी वाट बघत हार तयार होता. पुण्यात मी कधी बोलत नाही त्या बोलीत मी म्हणालो, "तू आपल्याकडचीच ना गं? मग माझ्या शब्दावर भरवसा कावून न्हाई?"

आमच्याकडे मोठ्या माणसाने तोंडी सांगितलेलं लिहून मागणं म्हणजे त्याचा अपमान. तिला ते ठाऊक होतं. तिला ते ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक होतं. म्हणूनच मी ते बोललो. ती म्हणाली, "तसं न्हाई सर. टाकते ती ओळ."

अर्ध्या तासाने मी मंडपात होतो. शाल, श्रीफळ, फेटा. पुढाऱ्याने माइकवरून सांगितलं, माणूस लई मोठा झाला पण मातीला विसरला न्हाई. मीही बोललो. आपल्या मुलींनी या क्षेत्रात यावं, मी त्यांच्या पाठीशी उभा आहे, असं बोललो. टाळ्या पडल्या.

गेम बाहेर पडला आणि ती म्हणाली होती तेच झालं. लोकांची महिन्या-महिन्याची वाटचाल एका कॉलने पुसली गेली. मालकाने बैठक बोलावली. कुठली ओळ कोणी लिहिली हे आमच्या यंत्रणेत दिसतं. पडद्यावर ती ओळ आली, शेजारी तिचं नाव.

मार्केटिंगचा प्रमुख म्हणाला, "मेंढरं हाकणाऱ्यांच्या हातात कोड दिला की दुसरं काय होणार?"

खोली हसली. मीही हसलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. "सरांनी फोनवर सांगितलं होतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला असं काही आठवत नाही."

तिने एकदाही आवाज चढवला नाही. पंधरा दिवसांत राजीनामा देऊन ती गावी गेली. त्या मार्केटिंगवाल्याचा मला राग येतो, त्या मालकाचाही. त्याच कळपाच्या जाहिराती लावून तो मिरवत होता आणि तो कळप कोणाचा हे त्याने विचारलंही नाही. पण त्या दोघांना खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून हा राग फिरून फिरून माझ्याच दारात येतो.

यंदा दुसऱ्या एका कंपनीतून मला फोन आला. तिला कामावर घ्यायचं चाललंय. ती म्हणते ती चूक तिची नव्हती. तुमचं काय म्हणणं? दोन वर्षं तिला हेच विचारत होते आणि प्रत्येक ठिकाणी दार बंद होत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, उद्या सांगतो. आणि सकाळी गाडी काढून घाटनांदूरला गेलो.

तिचे वडील अंगणात एका मेंढीचा खूर बघत बसले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मेंढरं हाकणाऱ्याच्या घरी कसं काय आलात साहेब? वाट चुकलात जणू."

ती बाहेर आली. मी उभ्यानेच बोललो. चूक माझी होती, मला सगळं आठवत होतं, मी खोटं बोललो. तिने ऐकून घेतलं.

"हे लिहून देता का सर?"

"देतो."

तिने आतून लॅपटॉप आणला आणि बाजेवर माझ्यापुढे ठेवला. मी म्हणालो, "तू टाइप कर, मी सांगतो."

"न्हाई सर," ती म्हणाली. "आता तुमीच टाइप करा."

मी टाइप केलं. मालकाला, बैठकीतल्या प्रत्येकाला आणि ज्या कंपनीने विचारलं होतं तिला. मेलमध्ये तिचं पूर्ण नाव आहे, इथे गाळतो. लिहून झाल्यावर तिने वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी मेंढीचा पाय सोडला.

"अन् त्या दिशी हसलात, ते?"

मी ते घातलं आणि पाठवलं. मजकूर असा होता:

'ज्या ओळीमुळे लोकांचा खेळ पुसला गेला, ती ओळ मी फोनवर सांगितली होती. हिने धोका सांगितला होता आणि लेखी मागितलं होतं. गावाचं नाव घेऊन मी तिचं तोंड बंद केलं. बैठकीत आठवत नाही म्हणालो, ते खोटं होतं. गेममधला कळप हिने चालवला, तेही मी लपवलं. तिच्या घरच्या कामावरून विनोद झाला तेव्हा मीही हसलो. या सगळ्याबद्दल मी तिची आणि तिच्या वडिलांची माफी मागतो.'