पॉलिशवाल्याची परीक्षा

आता हे सांगू की नको, असं माझं तीनदा झालं. पण आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे, मग तुम्हीच माझं काय घोडं मारलंय? चहा घ्या आणि ऐका. फक्त मध्येच हसायचं नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटीला होतो. तयार माल तपासायचा आणि त्यातली खोट काढायची, हे काम. इतकी वर्षं खोट काढून पगार घेतला की माणसाचं काय होतं? रिटायर झाल्यावरही खोट दिसतच राहते, फक्त पगार मिळत नाही. सत्यनारायणाला गुरुजींनी एखादी ओळ गाळली का, हे शेजारी पोथी उघडून ताडून बघणारा माणूस मी! आमच्याकडे आता गुरुजी येतात ते घाबरत घाबरतच.

तर गाडी. रिटायर झाल्यावर हौसेने घेतली, तीही काळी. डोंबिवलीत काळी गाडी! सकाळी धुवा, दुपारी तिच्यावर बोटाने नाव लिहा. सोसायटीतल्या बारा गाड्या रोज सकाळी शंकरराव धुतात. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी, काम चोख. पण दुपारी पुन्हा धूळ बसली की मला राहवायचं नाही. मी माझा जुना बनियन घेऊन खाली जायचो आणि गाडी लख्ख पुसून काढायचो. कोरडीच. माया असते हो!

एके दिवशी भर उन्हात बॉनेटकडे बघितलं, तर काय! सगळीकडे बारीक बारीक गोल ओरखडे! कढई तारेच्या घासणीने घासावी ना, तसे.

झालं. माझं डोकं चालू झालं. गाडीला हात कोण लावतं? शंकरराव!

"शंकरराव, तुमच्या फडक्यात वाळू असते."

"नाही हो काका. मी आधी पाणी मारतो, मग पुसतो."

"मग हे ओरखडे काय आकाशातून पडले?"

ते बादली उचलून पुढच्या गाडीकडे गेले. मला तर त्यांचं असं जाणंही संशयास्पद वाटलं. पुढचे पंधरा दिवस लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी शंकररावांच्या फडक्याची कथा सांगितली. तळमजला ते सातवा मजला, एवढ्या वेळात बरोबर संपते.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, लोकांचे कान खाण्यापेक्षा गाडी पॉलिश करून आणा." तिला गाडीत बसवून वागळे इस्टेटला गेलो. माझ्या जुन्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत म्हात्रे म्हणून एकजण गाड्यांचं पॉलिश करतो. त्याने बॉनेटवर दिवा धरला आणि एकच प्रश्न विचारला.

"काका, गाडी कोरडी कोण पुसतं?"

बायकोने काही न बोलता माझ्याकडे बोट केलं.

"तेच," म्हात्रे म्हणाला. "धुळीवर कोरडा कपडा फिरवला की असं होतंच. टेन्शन नाय. वरवरचे आहेत, मशीनने निघतील. परवा सकाळी आणा, संध्याकाळी न्या."

आता तुम्ही म्हणाल, विषय संपला. छे! मला म्हात्रेचाच संशय आला. इतक्या चटकन 'निघतील' म्हणतो म्हणजे काय? ही मंडळी तेलकट काहीतरी फासतात, ओरखडे बुजतात, गाडी चमकते आणि दोन वेळा धुतली की मूळ रूप बाहेर, असं मी ऐकलं होतं. कुठे ऐकलं ते विचारू नका. ओरखडे खरंच काढले की नुसते लपवले, हे ओळखायचं कसं?

आमच्या खात्यात याला एक जालीम उपाय होता. तपासणाऱ्यावर विश्वास नसेल, तर मालाच्या ढिगात आपणच गुपचूप एक खराब नग सरकवायचा. त्याने तो पकडला तर माणूस खरा. नाही पकडला तर कामचुकार!

आलं ना लक्षात?

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, सोसायटी घोरत असताना, मी खाली उतरलो. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मागच्या दारावर, हँडलच्या खाली, चावीने एक ओरखडा काढला. स्वतःच्या गाडीवर! केसाएवढाच काढणार होतो, पण चावी जरा जास्तच चावली आणि तो चांगला तीन बोटं लांब झाला. म्हटलं, असू दे, परीक्षा कडक हवी. मग शेजारी पट्टी धरून मापासकट फोटो काढला. कामात ढिलाई आपल्याला चालत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी दिली. संध्याकाळी आम्ही दोघं आणायला गेलो, तर गाडी अशी की बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा! मी मात्र सरळ मागच्या दाराशी गेलो. ओरखडा जसाच्या तसा!

"मग हे काय?" मी विजयी आवाजात विचारलं.

म्हात्रेने ओरखड्यावरून नख फिरवलं. "काका, बघा, नख अडकतंय. म्हणजे खोल गेलाय. मशीनने रंगाचा अगदी पातळ थर उतरतो. हा घालवायला गेलो तर सगळाच रंग निघेल. म्हणून मीच हात नाय लावला. आणि खरं सांगू? हा पुसल्याचा नाय. हा चावीचा आहे. कोणीतरी मुद्दाम मारलाय."

"मुद्दाम?" बायको ओरडली.

म्हात्रे परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला होता. मी त्याच वेळी हसून सगळं सांगायला हवं होतं. पण बायकोचा चेहरा बघितला आणि तोंडातून काय बाहेर पडलं, माहितेय?

"असेल."

बस्स! एवढा एक शब्द. वागळे इस्टेटमधून बाहेरही पडलो नव्हतो, तोवर तिचा आमच्या सेक्रेटरी साठ्यांना फोन झाला. डोंबिवलीत पोचलो तर साठे गेटवरच उभे.

"काका, अंदाज आहेच मला. तुम्ही शंकररावांना पंधरा दिवस बोलताय. त्यांनी डूख धरला. उद्यापासून त्यांचं काम बंद. बाराच्या बारा गाड्या!"

बारा गाड्यांवर त्या माणसाचं घर चालतं, आणि मी एका चावीने त्याच्या पोटावर पाय आणला होता. मला मनापासून लाज वाटली. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. मी मधला मार्ग काढला.

"जाऊ द्या हो साठे. मोठ्या मनाने माफ करून टाकू."

साठ्यांनी आम्हाला सोसायटीच्या ऑफिसात नेलं आणि तिथे आधीच बोलावलेल्या शंकररावांना मी माफ केल्याचं सांगितलं. ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "माफ कशाला करताय काका? मी केलंच नाही. कॅमेऱ्यात बघा."

"कॅमेऱ्यात माझी गाडी दिसत नाही," मी घाईघाईने म्हणालो. "खांब आडवा येतो."

साठे हसले. "अहो, कॅमेऱ्यात गाडी दिसत नाही म्हणून तुमचेच तीन अर्ज आलेले ना? गेल्याच आठवड्यात कॅमेरा वळवून घेतला. आता फक्त तुमचीच गाडी दिसते!"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

"मला जरा चक्कर येतेय," मी म्हणालो. बायकोने पाण्याचा ग्लास हातात दिला आणि म्हणाली, "बसा. चोर बघूनच जाऊ."

"साठे, थांबा, त्याचं काय आहे…" मी सुरुवात केली. खरंच केली हो! पण साठ्यांनी बटण दाबलं होतं.

काय सुंदर चित्र! दुपारी तीनचं ऊन, काळी गाडी, आणि पट्टेरी लेंग्यातला एक गृहस्थ. इकडे बघतो, तिकडे बघतो, चष्मा पुसतो, वाकतो. बायको म्हणाली, "अगं बाई!" साठे खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले.

आणि माझी बाजू घेऊन कोण बोललं असेल? शंकरराव!

"काकांची चावी चुकून लागली असेल हो. वयोमानाने होतं असं."

नेमका त्याच वेळी पडद्यावरचा गृहस्थ ओरखड्याला पट्टी लावून फोटो काढत होता. फोटो चांगला आला म्हणून त्याने मानही हलवली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर मी पंधरा दिवस आळ घेतला, तोच मला सांभाळून घेत होता. उठलो, सगळ्यांसमोर हात जोडले. "शंकरराव, चुकलो. चावी माझी, ओरखडा माझा आणि आधीचे सगळे ओरखडेही माझ्याच बनियनचे." ते लाजून म्हणाले, "असू द्या काका." साठ्यांनी काम बंद करण्याचा विषय मागे घेतला. बायको मात्र घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी गेल्यावर बोलली. ते सांगत नाही.

शंकरराव आता पूर्वीसारखेच बाराही गाड्या धुतात. मनात काही ठेवलेलं नाही. पण मी चावी घेऊन खाली उतरलो की हातातली बादली ठेवून धावत येतात आणि माझ्या नि गाडीच्या मध्ये उभे राहून अगदी अदबीने म्हणतात, "काका, चावी माझ्याकडे द्या. दार मी उघडतो."

बाकीच्या अकराजणांना ते असं म्हणत नाहीत. मी चौकशी केलीय.