कुंकवाचा ड्रॅगन

आमच्या चाकणच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा म्हणजे घरच्यासारखा सण. आदल्या दिवसापासून घासपूस, झेंडूच्या माळा, आणि पूजेला घरची माणसंही यायची. काय दिवस होते राव! त्या वर्षी चीनहून पत्रा दाबायची नवी प्रेस आली होती आणि ती बसवायला एक चिनी इंजिनियर. पन्नाशीचा, सडसडीत, आमच्या डब्यातला ठेचा खाऊन नाक पुसत पुन्हा मागणारा. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो.

पाहुण्यांनी प्रेसच्या दारावर लाल कागदातून कातरलेला ड्रॅगन चिकटवला होता. पूजेआधी प्रेस पुसायचं काम माझ्याकडे, मी फिटर. बघतो तर शिंगं, नख्या, वटारलेले डोळे! उद्या दसरा आणि आज राक्षसाला हार घालायचा? छ्या! कुणाला विचारायची मला सवयच नव्हती. पाणी मारलं, पात्याने खरवडला आणि चिंध्या कचऱ्यात टाकल्या.

पाहुणे आले आणि दाराकडे बघतच राहिले. ओरडले असते तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी बोलून त्याचं मराठी मला दाखवलं. आईने कातरला होता, ती आता नाही, एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कुरुळीहून माझी आई पूजेला आली. माझं तोंड बघूनच तिने सगळं काढून घेतलं. "मुडद्या, इचारायला तोंड न्हवतं व्हय तुला?" सगळ्यांसमोर! मग ती पाहुण्यांशेजारी जाऊन बसली. मोबाइलच्या मध्यस्थीने ते सांगत गेले. त्यांच्याकडे ड्रॅगन राक्षस नाही, नदीत आणि ढगांत राहतो, पाऊस देतो, माणसं स्वतःला त्याची लेकरं म्हणवतात.

"आरं, मग ह्यो आपल्या नागोबाचाच भाऊ की! पंचमीला भिंतीवर काढतो त्यो," आई म्हणाली.

तिने पूजेच्या ताटातलं कुंकू तेलात कालवलं आणि त्यांच्या मोबाइलमधला ड्रॅगनचा फोटो बघत त्याच दारावर ड्रॅगन काढायला घेतला. पंजाशी आली तशी पाहुण्यांनी चार बोटं दाखवली. पाच नख्यांचा ड्रॅगन पूर्वी फक्त बादशहाचा असायचा म्हणे.

"बादशहा ऱ्हाऊ दे त्याच्या घरी. पाऊस देणाऱ्याला बोट कमी? न्हाई जमायचं."

तिने पाचवी नखी काढलीच. पाहुणे खो-खो हसले आणि त्यांनी चित्राचा फोटो घेतला. मी सॉरी म्हणालो तेव्हा त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात ते मायदेशी गेले. माफ केलं की नाही, हे मला कळलंच नाही. ते मनात सलत राहिलं.

गेल्या वर्षी आई गेली. तिने जन्मभर काढलेल्या रांगोळ्या, भिंतीवरचे नाग, प्रेसवरचा तो ड्रॅगन, सगळं पुसलं गेलं होतं. आम्हा करंट्यांपैकी कुणी एक फोटोसुद्धा काढून ठेवला नव्हता. पाहुण्यांचा जुना नंबर होता, त्यावर कळवलं.

त्यांच्या नव्या वर्षाला उत्तर आलं, नुसता एक फोटो. त्यांच्या घराच्या दारावर लाल कागदाचा ड्रॅगन होता, माझ्या आईच्या चित्राचा फोटो बघून हुबेहूब कातरलेला, पाच नख्यांचा. थेरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी घरच्या सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.