शिंदखेड्याचा आंतरराष्ट्रीय संबंध

धुळ्याच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. यंदा मला अवदसा आठवली आणि मी एक नवा ऐच्छिक पेपर मागून घेतला: ‘आंतरराष्ट्रीय संबंध : विविध आणि चिकित्सक दृष्टिकोन’. म्हणजे जगाकडं नुसतं मोठ्या देशांच्या गच्चीवरून न बघता खालून, बाजूनं, बायकांच्या, आदिवासींच्या, कधीकाळी गुलामीत राहिलेल्यांच्या नजरेनं बघायचं.

प्राचार्य म्हणाले, “शनिवारी बारापर्यंत वीस नावं आणा. एकोणीस झाली तर पेपर बंद, आणि तुम्ही पर्यावरणाच्या वह्या तपासायला.”

त्या वह्या ज्यानं तपासल्यात त्यालाच ठाऊक. चारशे पोरं आणि सगळ्यांत मिळून एकच पिंपळ, तोही एकाच मोबाइलवरून उतरवलेला.

मी वर्गावर्गात फिरलो. घसा इतका बसला की कँटीनवाला मला खुणेनं चहा विचारायला लागला. बोलता बोलता केळीच्या बागेतून निघून मी पोरांना थेट आखाती बंदरापर्यंत असं काही नेलं, की पहिल्या बाकावरच्यानं ‘सर, उतरायचं कुठं?’ म्हणून विचारलं. शुक्रवारी विसावं नाव आलं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, शिंदखेड्याहून रोज एसटीनं येणारी. तास बुडवत नाही, तोंड उघडत नाही. नाव लिहून निघून गेली.

शनिवारी अकराला स्टाफरूमच्या दारात पांढरी टोपी उभी. मुलीचे वडील. गाव त्यांना नाना म्हणतं. मागं ती.

“सर, पोरगीनं नाव खोडा.”

“का हो नाना?”

“आमले आंतरराष्ट्रीय संबंध नको. आमना संबंध शिंदखेडा ते एरंडोल. त्याना पुढे आम्ही कधी गयूत नई.”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलीनं घरी जेवताना सांगितलं होतं, ‘मी आंतरराष्ट्रीय संबंध घेतलेत.’ आमच्या भागात संबंध म्हणजे सोयरीक. आईची भाकरी तव्यावरच राहिली. चूळ भरायच्या आत भावकी अंगणात. नाना म्हणाले पंचवीस जण होते. मी नानांचा चेहरा बघून चाळीस धरतो. एका काकांनी म्हणे जावई गोरा आहे की काळा, इथपर्यंत चौकशी नेली.

“नाना, हा विषय आहे. देशादेशांचे संबंध. परीक्षेला असतो.”

नाना खुर्चीवर टेकले, पण संशय टेकला नाही. “मंग त्याम्हा शिकाडतस काय?”

मी सुरुवातीपासून धरलं. जुनी मंडळी म्हणतात, प्रत्येक देश आपलं हित बघतो, वर कुणी मालक नाही, ज्याच्यात ताकद त्याचं चालतं.

“म्हंजे लग्ननी बैठक,” नाना म्हणाले. “वरपक्ष गादीवर, आपण सतरंजीवर. देनंघेनं, मानपान, बठ्ठं आधीच ठरेल ऱ्हास, फक्त चहा बाकी.”

हे कळायला मला तीन जाडजूड पुस्तकं आणि एक चष्मा लागला होता. मी चेकाळलोच. “पण आमचा पेपर पुढं जातो नाना. गादी कुणाची आणि सतरंजी कुणाची, हे ठरवलं कुणी? आणि ज्यांच्याबद्दल बोलणी चाललीत, त्यांना बैठकीत कुणी विचारतं का?”

“ते बठ्ठं खरं शे. पन नाव खोडा. गावले समजाडता समजाडता मना जीव जाई.”

“राहू द्या.”

“खोडा.”

साडेअकरा वाजले. नानांनी पेन उचलून टेबलावरच्या यादीत नावावर रेघ ओढायला घेतली, मी कागद ओढला. रेघ निम्म्यात अडकली. टेबलाच्या दोन टोकांना आम्ही दोघं अशा जोरानं वाकलेलो, की दोन फौजा सीमेवर उभ्या आहेत असं वाटावं.

“सर,” मुलगी म्हणाली.

“थांब जरा. आम्ही बोलतोय ना.”

पंखा बंद पडला. वीज गेली होती हे खरं, पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही.

“तेच म्हणते सर. नाव माझं आहे. अर्धा तास झाला, नानांनी मला विचारलं नाही. ते नाहीच विचारणार, मला माहीत होतं. पण तुम्हीपण नाही विचारलंत.”

मी ग्लास उचलून पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होता, तरी प्यायलो. नानांच्या चेहऱ्यावर मात्र त्या दिवसात पहिल्यांदा मजा आल्यासारखं दिसलं.

“सर, तुमना विषय तर तिले येस. शिकाडाना काय बाकी ऱ्हायनं?”

मी मुलीला विचारलं, “तुला काय हवंय?”

“नाव राहू दे.” मग वडिलांकडं वळून ती म्हणाली, “नाना, गावले मी सांगसू.”

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग पेन तिच्यापुढं सरकवलं. नावावर निम्मी रेघ बसलीच होती. तिनं ते पूर्ण खोडलं आणि खाली नव्यानं, मोठ्या अक्षरात लिहिलं.

बाराला पाच कमी असताना मी यादी घेऊन प्राचार्यांकडं पळालो. त्यांनी बोट टेकवत मोजलं, खोडलेलं धरलं, लिहिलेलंही धरलं, एकवीस असा आकडा टाकला आणि सही केली. मी चूक काढायला गेलो नाही.